फाटक उजाडल्यावर उघडेल

दार लोटून घ्या रे कुणीतरी. आणि नेवेना, तुला बाहेर जायचं असेल तर आत्ताच जाऊन ये. मग मधेच म्हणशील, आजी सोबतीला चल. मी काही उठायची नाही.

तर माझी थोरली जाऊ, स्तामेंका. आपल्या सोसायटीच्या कोल्ड स्टोरेजला फाटकावर रात्रपाळी करायची. तिच्याआधी तिथं तिचा नवरा होता, मिलिसाव भावजी. ते एप्रिलात गेले आणि ही बया जाऊन म्हणाली, माझ्या नवऱ्याची खुर्ची आहे, मीच बसणार. गडी फिदीफिदी हसले. अध्यक्ष विदोसाव म्हणाला, "बस बाई. पण एक क्रेट जरी चोरीला गेला, तर तू घरी."

त्या साली भाव पडलेला. अख्ख्या गावाची रास्पबेरी आत गोठून पडलेली, कुणालाच दिडकी मिळाली नव्हती. ती गेली असती तर गावानं वर्षभर काय खाल्लं असतं? माझं डोकं?

रात्र कुठली, तर मेलेल्यांच्या शनिवारच्या आदली. नोव्हेंबरातल्या मित्रोवदान सणाच्या आधीचा शुक्रवार. घरोघरी थडग्यावर न्यायला गहू शिजत होते. स्तामेंकानंही गव्हाचं भांडं नि राकिया दारूची बाटली बरोबरच नेलेली, उजाडलं की परस्पर भावजींच्या थडग्यावर.

अकरा वाजून गेले नि एक मोठा ट्रक आला. ड्रायव्हर उतरला. देखणा, दाढी केलेला.

"नमस्कार काकू. माल न्यायचाय, ऑस्ट्रियाला."

कागद दिले. सही बरोबर, शिक्का बरोबर.

"सकाळी ये."

"कागद तर बघा की, काकू."

"बघितले. झकास आहेत. सकाळीसुद्धा तसेच राहतील."

भावजींचा नियमच होता तो. अंधारात माल बाहेर जात नाही, खुद्द राजा न्यायला आला तरी.

"मालक मला कच्चा खाईल हो!"

"मग मीठ लावून जा."

तेवढ्यात फोन वाजला. "स्तामेंकाबाई, मी विदोसाव बोलतोय. कृपा करून फाटक उघडा. एवढ्या रात्री त्रास दिला, माफ करा हं."

आवाज हुबेहूब. पण विदोसाव? अरे, त्यानं नातवाच्या बाप्तिस्म्यात पाद्र्याला शिवी घातलेली! तो आणि कृपा करून? स्तामेंका म्हणाली, "विदोसाव, ताप आलाय का तुला?" आणि ठेवला फोन.

लगेच पोलिसांना लावला. ते म्हणाले, गाडी पोझेगाला गेलीय, येतो. येतो म्हणजे कधी, ते आपल्याला माहीतच आहे. मग तिनं ट्रॅक्टर आणला, फाटकाला आतनं आडवा लावला, किल्ली छातीशी कोंबली आणि खुर्ची टाकून समोर बसली.

त्या देखण्यानं सळई काढली. ट्रकमधनं आणखी दोघं उतरले.

"काकू, एकटी आहेस."

"हो. आणि तुम्ही तिघं. उठवा बघू मला."

बघत राहिले. मग ट्रकात चढले, मागे गेले. दिवे मालवले.

शांत...

हसतोस कशाला रे? पुढचं ऐक.

मागच्या बाजूनं आवाज आला. तार कापल्याचा. स्तामेंका बॅटरी घेऊन भिंतीकडेनं गेली. कुत्रा साखळीला होता. भुंकत नव्हता. शेपूट हलवत होता, अंधाराकडे बघून.

कोल्ड रूमचं कुलूप तुटलेलं. दार उघडं. तिघं आत, क्रेट ओढतायत.

आणि दार हललं.

चार गड्यांना ऐकत नाही असलं दार. रुळावरनं सरकलं. हळू. जवळ कुणी नाही... बंद.

आतनं धडाधड हात. "काकू! उघड!" कुणी अडकू नये म्हणून आतनं बटण असतं. ते दाबत होते, खटखट ऐकू येत होतं. दार ढिम्म.

उणे वीस. अंगात नुसते शर्ट.

तिला बसून राहता आलं असतं. कोण काय म्हणणार होतं? पण तिनं कडी धरली. ओढली. कडी येईना. अडकलेली नव्हती गं... धरलेली होती.

"मिलिसाव?"

...

"सोड."

आतले हात मंदावले.

"मेलास, पण हट्ट मेला नाही तुझा! रास्पबेरीपायी तीन आयांना गहू शिजवायला लावतोस? सोड म्हणते ना!"

अंधारात कुणी खोकलं. भावजी पत्त्यात जिंकले की खोकायचे, तसंच.

"खोकू नकोस माझ्यावर. जिवंत होतास तेव्हा खुर्ची तुझी होती. आता माझी आहे. इथं मी सांगीन ते."

...

...

कडी ढिली झाली.

तिघं बाहेर कोसळले. पापण्या पांढऱ्या. सळई कुणाच्या लक्षात राहतेय! हिनं भावजींचीच राकिया त्यांच्या घशात ओतली, घोंगड्या टाकल्या. देखण्याचे दात वाजत होते.

"काकू... आतल्या म्हाताऱ्याला पण काढा."

"कुठल्या?"

"क्रेटवर बसलाय. बनियनवर. आम्हाला बाहेर सोडा म्हटलं तर म्हणतो, उजाडल्यावर."

पोलीस आले, तेव्हा तिघं शहाण्या पोरांसारखे तिच्याभोवती बसलेले. पळावंसं वाटलं नाही म्हणे. अंधारात नको म्हणाले.

उजाडता उजाडता विदोसाव आला. रस्त्यापासनंच शिव्या घालत, पोलिसांच्या, चोरांच्या, ऑस्ट्रियाच्या नावानं. तेव्हा कुठं स्तामेंकाला बरं वाटलं.

"एक क्रेट जरी कमी भरला ना, बाई..."

"चल, मोज," ती म्हणाली.

दोघं आत गेले. आत कुणी नव्हतं. सगळे क्रेट होते, दगडासारखे गोठलेले, वर बर्फाची भुकटी. फक्त दाराजवळच्या थप्पीवरचा एक, त्याच्यावर भुकटी नव्हती. विदोसावनं त्यात बोट घातलं.

रास्पबेरी मऊ होती. कोमट. उन्हातनं आत्ता तोडून आणल्यासारखी. मधे एक हिरवं पान होतं, आणि त्या पानावर, नोव्हेंबरात, उणे विसात, एक मुंगी चालत होती.

विदोसावनं शिवी द्यायला तोंड उघडलं...

उघडंच राहिलं.