मी बसच्या टपावरून विचारलं, "आलं का?"

खरं घडलेलं सांगतोय. पटलं नाही तर सोडून द्या, पण माझ्या सरूताईला विचारायला जाऊ नका.

२००६ साल. दसऱ्याच्या आधीचा आठवडा, भर दुपार, नारायणगाव.

मी गोरख, वारूळवाडीचा. दाजी म्हणजे ताईचे मालक, हौशीराम. आम्ही दोघं मिळून टीव्हीची डिश बसवायचो. त्या दिवशी तमाशाच्या फडाची गाडी होती. जुनी बस, आत झोपायला फळ्या. कलाकारांना मुक्कामाला टीव्ही पाहिजे होता. मंडळी जेवायला गेलेली.

आमची रीत ठरलेली. मी टपावर डिश धरून जागा शोधायची, दाजींनी आत टीव्हीसमोर बसून चित्र आलं का ते सांगायचं.

"आलं का?"

"आलं... गेलं. मागं सरक."

सरकलो.

"अजून मागं..."

दाजींचाच आवाज, तसाच ओढलेला. मी बिनधास्त सरकलो.

तेवढ्यात खालून कुणीतरी ओरडलं, "गोरख, हलू नको!"

रस्त्यावर दाजी उभे होते. हातात वायरचं भेंडोळं. मला न सांगताच दुकानात गेले होते. माझी टाच टपाच्या बाहेर लोंबत होती.

आणि गाडीतून परत आवाज आला...

"अजून मागं, गोरख."

दाजींनीही ऐकला. स्वतःचा आवाज.

आत चिटपाखरू नव्हतं. टीव्ही खोक्यातून काढलेलासुद्धा नव्हता.

मला लई भ्या वाटलं. हा धंदाच सोडू म्हणालो. दाजी म्हणाले, मग खायचं काय?

संक्रांतीच्या आसपास वाऱ्यानं त्यांच्या घरची डिश हलली. ते गच्चीवर चढले. गच्चीला मागून कठडा नव्हता. ताई आत टीव्हीसमोर. मी तेव्हा ओझरला कामावर होतो, तिथल्या माणसांनी बघितलंय मला.

दाजी मागच्या बाजूनं पडले. जागेवर गेले.

ताई सांगते, त्यांनी "आलं का?" विचारलं. ती "न्हाई" म्हणणार, तेवढ्यात आतल्या खोलीतून कुणीतरी बोललं...

"मागं सरका, दाजी."

त्यांना दाजी म्हणणारा मी एकटाच.

मी ओझरला होतो हे ताईला माहीत आहे. तरी गेल्या भाऊबीजेला ओवाळता ओवाळता तिनं ताट खाली ठेवलं.

"गोरख, खरं सांग. तू त्या दिशी घरात कवा आला व्हतास?"

मी देवाची शपथ घेतली. तिनं अर्धवट ओवाळलेलं ताट उचललं आणि आत नेलं.