वळण दिसत नाही

जन्मभर भिंती बांधलेल्या गवंडीकाकांनी म्हातारपणी थापी खाली ठेवली आणि घरासमोर झुडपांचं कुंपण लावलं. बारमाही हिरवं, बारीक चकचकीत पानांचं. रोपं लावताना त्यांनी दोरी ताणली, आणि पुढे प्रत्येक छाटणीलाही ताणली. कुंपण पायाशी रुंद आणि माथ्याशी निमुळतं ठेवायचं, म्हणजे खालच्या पानांनाही ऊन मिळतं, हे ते जाणाऱ्यायेणाऱ्याला थांबवून सांगायचे.

"विटा संपल्या, आता पानांची भिंत," बायको म्हणायची. "हौस काही फिटत नाही यांची."

मग तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरांनी काकांना दाराशी बाजूला घेतलं आणि जे सांगायचं ते सांगितलं. काकांनी तिचा पलंग खिडकीला लावून दिला. लेक जहाजावर नोकरीला होती. रजेवर आली की रस्त्याच्या वळणावरूनच बॅग डोक्यावर धरून हलवायची, आणि आई ते खिडकीतून बघायची. आता तिला तेवढंच एकदा बघायचं होतं.

"अहो, कुंपण जरा खाली घ्या," एका सकाळी ती म्हणाली. "वळण दिसत नाही."

काकांना हसू आलं. कुंपण कमरेइतकं, खिडकी त्याच्याही वर. पण आजारी माणसाशी वाद कशाला घालायचा? त्यांनी वीतभर उतरवलं.

"वाढलंय की," दुसऱ्या दिवशी ती म्हणाली.

"अगं, दोरी लावून कापलंय. दोरी खोटं बोलत नाही."

"मग मी बोलते का?"

काकांनी कात्री उचलली. त्यांनी आणखी उतरवलं, मग आणखी. आत जुनं लाकूड लागलं. या झुडपाचा हिरवेपणा सगळा वरवरचा, आत नुसत्या वाळक्या काटक्या. तिथपर्यंत कापलं की परत फुटत नाही. हे ठाऊक असूनही त्यांनी कापलं. माणसापुढे कुंपणाचं काय घेऊन बसायचं? शेवटी गुडघ्याएवढे खुंट उरले.

त्या दिवशी भर दुपारी ती म्हणाली, "दिवा लावा ना. किती अंधारून आलंय."

ऊन तिच्या तोंडावर पडलं होतं. काकांनी दिवा लावला.

मदतीला आलेली काकांची धाकटी बहीण हे सगळं बघत होती. "दादा, एकदा तिच्या जागी पडून तर बघ."

"मला काय वेड लागलंय?" ते म्हणाले. खरं म्हणजे त्यांना भीती वाटली होती.

लेक यायच्या आदल्या दिवशी बायको गेली. शेवटपर्यंत खिडकीकडेच बघत होती. "आता काचेला लागलंय," एवढंच म्हणाली. काका लहान मुलासारखे रडले. वाटेत असलेल्या लेकीला कळवता आलं नाही, आणि त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला अग्नी दिला.

सकाळी ते तिची चादर नीट करायला गेले, आणि काय वाटलं कोण जाणे, तिच्या उशीवर डोकं टेकून आडवे झाले.

खिडकीभर पानं होती.

ते उठून बसले. खुंट, रस्ता, पलीकडे वळण. पुन्हा आडवे झाले. पानं. काचेला दाटून चिकटलेली, तजेलदार, कुठे सुईएवढीही फट नाही. बिचारी हे बघत गेली, आणि आपण तिला दोरीचं सांगत बसलो.

ते घाईघाईनं उठून उभे राहिले.

पानं.

डोळे चोळले. पानंच.

बहीण शेजारी येऊन उभी राहिली. "दादा, ती बघ, आली. बॅग हलवतेय."

"कुठे?"

"अरे, समोर. वळणावर. रस्ता मोकळाच तर आहे."

काकांनी हात वर केला आणि पानांकडे बघून हलवला. बराच वेळ हलवत राहिले.

फाटक वाजलं. दार वाजलं. ओळखीची पावलं खोलीत आली, आणि खांद्यावर हात पडला.

"बाबा."

काका वळले. हात खांद्यावरच होता. समोर पानं होती, बारीक, चकचकीत, दोरी लावून कापल्यासारखी सरळ.