पडदाभर आई

लग्नांच्या व्हिडिओंचं एडिटिंग करणाऱ्या माणसाला घरचे व्हिडिओ बघायला कधी सवड मिळते? अण्णांच्या थोरल्या मुलाचंही तेच झालं होतं. जगातल्या नवरानवरींना चकचकीत करून देण्यात त्याचे दिवस चालले होते आणि घरचा जुना कॅमेरा कपाटात मोज्यांखाली पडून होता. आई गेली तेव्हा त्यातला एक तुकडा त्याने घाईघाईत बारीक करून अण्णांच्या फोनवर पाठवला होता. अण्णा आता एकटेच राहत. वर्षभर तोच धुरकट तुकडा ते फोन नाकाला लावून बघत होते.

"दुधाची तहान ताकावर भागवतोय रे," परवा ते लेकाला म्हणाले. हौसेने मोठा टीव्ही आणला होता, पण डोळे दिवसेंदिवस अधू होत चालले होते. "नजर आहे तोवर एकदा तिला पडदाभर बघू दे. आणि हे बघ, तिच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा गाळायची नाही."

रविवारी दुपारी बायको आणि मुलगी बाहेर गेल्यावर थोरला कामाला बसला. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर त्याने आधी सगळं तपासलं. व्हरांडा होता, वेताची खुर्ची होती, खुर्चीत आई होती. अण्णा चहाचा कप पुढे करतात आणि आई म्हणते, "जपून. सांडेल हो." मूळ फाइल त्याने कम्प्युटरवर जशीच्या तशी उतरवली, सगळ्यात वरची क्वालिटी निवडली आणि एक्सपोर्टचं बटण दाबलं. या कामात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. त्याची कॉपी मुळाहून तसूभरही कमी नसे.

कॉपी उघडली. फरशीवरची चीर न् चीर दिसत होती. खुर्चीच्या वेताचा प्रत्येक पीळ मोजून घ्यावा इतका स्वच्छ होता.

खुर्ची रिकामी होती.

"आता हे काय?" थोरला स्वतःशीच पुटपुटला.

अण्णांनी हसत हसत कप पुढे केला आणि हात मागे घेतला. कप तिथेच राहिला, हवेत, वाफाळत. "जपून," आईचा आवाज आला. "सांडेल हो."

त्याने क्वालिटी एक पायरी उतरवून पुन्हा कॉपी काढली. खुर्चीत धुकं साचल्यासारखं झालं. आणखी उतरवली, तेव्हा शालीची कड दिसली. पार तळाला, चित्राचे नुसते चौकोन पडायला लागले तेव्हा आई नीट बसलेली होती आणि हसत होती.

माणूस धंद्यातला. भुताखेतांचं नाव काढण्याआधी त्याने सॉफ्टवेअरला चार शिव्या हासडल्या. दुसरा व्हिडिओ घालून बघू म्हणून गेल्याच आठवड्यात अण्णांकडे काढलेला घेतला. त्यात त्याची मुलगी आजोबांच्या मांडीवर बसून त्यांचा चष्मा पळवते. पुन्हा सगळ्यात वरची क्वालिटी, पुन्हा तेच बटण.

बायको दिसली, दारात उभी. मुलगीही दिसली. सोफ्याच्या वीतभर वर, हवेत बसली होती. हातात चष्मा होता.

"अगं ए चोरटे!" अण्णांचा आवाज म्हणाला.

थोरल्याची पाचावर धारण बसली. त्याने अण्णांना व्हिडिओ कॉल लावला.

अण्णांनी उचलला. चेहऱ्याचे चौकोन पडत होते, पण अण्णाच होते, आईच्या वेताच्या खुर्चीत टेकलेले. थोरल्याच्या जिवात जीव आला.

"अण्णा, बरे आहात ना?"

"मला काय धाड भरलीय? तुझ्या आईचं झालं का?"

"होतंय."

"अरे, तू नुसता ढगासारखा दिसतोयस. थांब, खिडकीपाशी जातो. तिथे रेंज चांगली येते."

"नको! अण्णा, उठू नका. तिथेच बसा."

"का रे?"

काय सांगणार? चित्र कितीही खराब असू दे, त्याला बाप हवा होता. "मला दिसताय तुम्ही," तो म्हणाला. "असंच बरं आहे."

"कसलं बरं? पुन्हा ताकच की!" अण्णा हसले. खुर्ची करकरली.

"अण्णा, ऐका माझं."

चौकोन विरघळायला लागले.

खिडकीचा गज न् गज दिसला. भिंतीचा पोपडा दिसला. पडदा वाऱ्याने हलत होता.

"हां," अण्णांचा आवाज आला. "आता कसा, लख्ख दिसतोय ना मी?"

थोरला त्या मोकळ्या खिडकीकडे बघत राहिला.

"हो अण्णा. दिसताय."

"मग झालं तर. थांब, चहा घेतो जरा."

मागे कुठेतरी वेताची खुर्ची पुन्हा करकरली.

"जपून," कुणीतरी म्हणालं. "सांडेल हो."