सगळे आले

रविवारी सकाळी विस्टनबरीच्या चर्चमागच्या पटांगणात सायकलवाले जमतात. थर्मासमधला चहा, कुणीतरी घरून आणलेला मनुकांचा केक, टायर दाबून बघणं, हवेच्या नावाने बोटं मोडणं. नोव्हेंबरमधल्या त्या रविवारीही असंच चाललं होतं. हेझेल प्रॉसर आपली सायकल ढकलत फाटकातून आत आली आणि सगळ्यांची बोलणी तोंडातल्या तोंडात विरली.

वर्षभर ती क्लबकडे फिरकली नव्हती. तिचा नवरा ग्लिन याच लोकांबरोबर अशाच एका रविवारी निघाला होता आणि क्वॉरी बँकच्या चढाखाली, रस्त्याकडेच्या चरात पडून मेला होता. कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं. गाडीवाला सापडला नाही तो नाहीच. पण डॉक्टर म्हणाले होते, वेळेत कुणी मागे फिरलं असतं तर माणूस वाचला असता. मागे कोण फिरणार? मंडळी हॉपवर्डिनच्या कॅफेत पाय पसरून बेकन चापत होती.

"हेझेल! अगं, तू येशील असं वाटलंच नव्हतं," रॉडनी बीस्टन हात पसरून पुढे आला. तो आता क्लबचा कप्तान होता. नवी कोरी, लिंबाच्या रंगाची सायकल, तिच्याच रंगाचे मोजे. आजची टूमही त्याचीच. ग्लिनच्या आठवणीसाठी ग्लिनच्याच शेवटच्या रस्त्याने जायचं. नकाशा काढून त्यावर 'ग्लिनची फेरी' असं नावसुद्धा त्याने छापून टाकलं होतं.

"मी शेवटी राहणार," हेझेल म्हणाली.

"शेवटी कशाला? आज तुझा मान. माझ्याबरोबर पुढे चल ना."

"शेवटी म्हटलं ना, रॉडनी."

त्याने खांदे उडवले. हेझेलच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिने नुसता हेल्मेटचा पट्टा आवळला.

या क्लबात एक रीत आहे. तिकडचे रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना पुरुषभर उंच कुंपणझाडी, फोनला रेंज नाही. म्हणून चौक आला की पुढचे हळू होतात. सर्वांत मागचा माणूस कुणी राहिलं नाही ना हे बघतो आणि ओरडतो, "सगळे आले!" त्याच्या पुढचा तेच पुढच्याला सांगतो, तो त्याच्या पुढच्याला. आरोळी पहिल्यापर्यंत पोचली की रांग वेग धरते. मूळ आवाज कुणाचा होता ते फक्त शेवटच्या दोघांना ठाऊक.

गेल्या वर्षी आरोळी आली होती. चौकशीत रॉडनीने छातीवर हात ठेवून सांगितलं, "शेवटी ग्लिन होता, त्याच्या पुढे मी. त्यानेच आवाज दिला, मी पुढे सांगितला. त्याला पंक्चर नंतर झालं असेल, बिचाऱ्याला." झालं! मेलेल्या माणसाच्या गळ्यात त्याचंच मरण बांधून मंडळी मोकळी झाली. आणि सगळा क्लब नंदीबैलासारखा माना डोलवत राहिला. झोपण्यापूर्वी दाराची कडी दोनदा बघणारा ग्लिन, तो मागे एकटा पंक्चर काढत बसलेला असताना 'सगळे आले' म्हणून ओरडेल? आरोळी रॉडनीचीच होती. हेझेलला ते पक्कं माहीत होतं, फक्त पुरावा नव्हता. आज ते त्याच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत वदवून घ्यायचं, एवढ्यासाठी ती आली होती.

गाव मागे पडलं आणि धुकं दाटलं. हेझेलच्या पुढे टॅमसिन होती, शाळेत शिकवणारी, मनाने चांगली पोर. तिच्यापुढचं कुणी दिसत नव्हतं. कुजलेल्या पानांचा आणि ओल्या लोकरीचा वास येत होता. कुठेतरी एक मेंढी खोकली, अगदी माणसासारखी.

"बरी आहेस ना?" टॅमसिनने मान वळवून विचारलं.

"बरी कसली? चिडलेय."

"ते दिसतंय," टॅमसिन म्हणाली आणि पुढे बघू लागली.

बॅजर्स होलोच्या उताराला लागल्यावर हेझेलला मागून आवाज आला. फ्रीव्हीलची टिकटिक, पेडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून येते ती. मोठी, रांगडी, एक दात झिजल्यासारखी मध्येच अडखळणारी. तो आवाज तिने वीस वर्षं घराच्या गल्लीत वळताना ऐकला होता. ऐकला की ती किटली चढवायची.

तिने मागे पाहिलं. रस्ता रिकामा होता. धुकं तेवढं हलत होतं, नुकतंच कुणी त्यातून गेल्यासारखं.

ग्लिनची सायकल घरी होती. पोलिसांनी परत केल्यापासून गॅरेजच्या भिंतीला टांगलेली, चादर घातलेली, मागच्या पंक्चर चाकाची हवा तशीच गेलेली. हेझेलने पुढे तोंड केलं. 

ग्लिन पडला होता तो चर आला. क्वॉरी बँकचा चढ आला. चढावर टिकटिक थांबली, पण आता श्वास ऐकू येत होता... दमलेला, जवळ, अगदी तिच्या मागच्या चाकाला लागून.

वर चौकात सगळे पाय टेकून उभे होते. धुक्यात रॉडनीची पिवळी सायकल सर्वांत पुढे दिसत होती. सगळे आरोळीची वाट बघत होते. हेझेल तोंड मिटून उभी राहिली.

"हेझेल, आवाज दे ना," टॅमसिन हळूच म्हणाली.

"नाही देत. कोण कोण आलंय ते रॉडनीलाच विचार."

कुणीतरी घसा खाकरला. रॉडनी काहीतरी गुळमुळीत बोलणार, एवढ्यात खालून, त्या रिकाम्या चढावरून, खणखणीत आवाज आला.

"सगळे आले! चला, चला, कॉफी निवतेय!"

तो रॉडनीचा आवाज होता. तो नाकातला सूर, ती घाई, 'चला, चला' म्हणायची ती ढब. चौकात उभ्या प्रत्येकाने ती शंभरदा ऐकलेली होती. आणि रॉडनी त्यांच्यासमोर उभा होता, ओठ मिटून, चेहरा चुन्यासारखा पांढरा.



"ही... ही कसली थट्टा?" रॉडनी म्हणाला. "फोनवर वाजवलंस ना तू? लाज वाटत नाही?"

"माझे दोन्ही हात हँडलवर आहेत," हेझेल म्हणाली. "खाली कुणीतरी राहिलंय, रॉडनी. कप्तान आहेस ना? जा, बघून ये. त्या दिवशी नाही गेलास, आज जा."

सगळे त्याच्याकडे बघत होते. कुणीच त्याच्या बाजूने बोललं नाही. तो रागाने काहीतरी पुटपुटला, सायकल वळवली आणि उतरणीवर धुक्यात शिरला. त्याच्या ब्रेकचा चीत्कार ऐकू आला. मग पुन्हा ती टिकटिक, एका दाताने अडखळणारी, त्याच्या मागोमाग खाली जाणारी. मग लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्रर आवाज, आणि शांतता.

"हेझेल..." टॅमसिन कुजबुजली. "ऐकलंस?"

 तेवढ्यात हेझेलच्या कानाशी, थंड श्वासासकट, ओळखीचा, शांत, घरातला आवाज म्हणाला:

"सगळे आले."

तो टॅमसिनलाही ऐकू गेला. तिने सवयीने, काही विचार न करता, पुढे सांगितलं. पुढच्याने त्याच्या पुढच्याला. इतकी वर्षं तेच करत आलेले लोक ते. बूट पेडलवर चढले, चाकं फिरू लागली, रांग हॉपवर्डिनच्या दिशेने निघाली.

हेझेल उभी होती. गप्प राहायचं, बस्स. ना कुणाला सांगायचं, ना कुणाला विचारायचं. रॉडनी चरात पडलेला असेल, थंड पाण्यात, या लोकांची वाट बघत. होऊ दे. कळू दे त्याला. वर्षभर हेच तर मागत होती ती, रोज रात्री, दात आवळून.

मग तिला भयंकर राग आला, आणि तो रॉडनीचा नव्हता.

"थांबा!" ती किंचाळली. "थांबा रे! सगळे नाही आलेत!" आणि मागे वळून, त्या धुक्याला, "असलं तू करणार, ग्लिन? तू? त्याच्यासारखं?"

सगळी रांग मागे फिरली.

रॉडनी चरातच सापडला. अंगावर पिवळी सायकल, मांडीचं हाड मोडलेलं, कंबरेपर्यंत पाण्यात. टॅमसिनने त्याच्या अंगावर जाकीट घातलं. त्याने हेझेलचा हात घट्ट धरला.

"मीच ओरडलो होतो," तो म्हणाला. दात वाजत होते. "तो म्हणाला, थांब, पंक्चर आहे... मला थंडी वाजत होती गं. म्हटलं येईल मागून... मीच ओरडलो."

"मोठ्याने," हेझेल म्हणाली. "त्यांना ऐकू जाऊ दे."

त्याने मोठ्याने सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. एकानेही तिच्या नजरेला नजर दिली नाही. पुढे रॉडनी म्हणाला, कुणीतरी बाजूने घासून गेलं. पण वर येणारी किंवा खाली जाणारी गाडी कुणीच पाहिली नव्हती. एकाने हॉपवर्डिनला जाऊन बोलावलेली ॲम्ब्युलन्स येईपर्यंत हेझेल त्याच्या डोक्याखाली हात देऊन बसली, आणि तेवढा सगळा वेळ त्याला शिव्या देत राहिली.

घरी ती एकटीच परतली. मागे काही वाजलं नाही. तिने कान देऊन ऐकलं, तरी नाही.

गॅरेजमध्ये शिरून तिने भिंतीवरच्या सायकलची चादर ओढली. मागचा टायर अंगठ्याने दाबला. तो दगडासारखा टणक होता. चाकाला ओला, लाल चिखल लागला होता आणि हँडलच्या टोकाला ताज्या खरचटीत लिंबाच्या रंगाचा पोपडा चिकटला होता.



"शोभतं का हे तुला?" हेझेल म्हणाली.  मग तिने फळीवरून फडकं आणि थिनरची बाटली घेतली आणि तो पिवळा रंग घासून काढायला लागली, दार आतून लावून घेऊन. तिचा हात नसतानाही मागचं चाक हळूहळू फिरायला लागलं होतं.