सदानंदची दोन तोंडं

केसकर बाईंच्या शोकसभेत कोणीतरी हसलं.

बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होत्या. गावातल्या तीन पिढ्यांनी भूमितीपायी त्यांच्या छड्या खाल्ल्या होत्या, त्यामुळे त्या गेल्यावरसुद्धा हसायची कोणाची हिंमत नव्हती. तरी हसणारा सापडला. तो दारातच हात जोडून उभा होता आणि त्याला दोन तोंडं होती. एक खाली वळलेलं, दुःखी. त्याच्या जरा वर दुसरं, फिकट तपकिरी, या कानापासून त्या कानापर्यंत हसणारं. त्याला कान नव्हते, पण असते तर तिथपर्यंत गेलं असतं.

हा सदानंद. ‘आनंदसोहळा’ मंगल कार्यालयाचा स्वागत करणारा यंत्रमानव. आणि माझा मित्र.

“माझी आई गेली आणि हे दात काढतंय?” बाईंचे चिरंजीव मुकुंदराव ओरडले.

“मला दात नाहीत,” सदानंद म्हणाला.

ते खरं होतं. पण वेळ चुकली.

मुकुंदराव चप्पल न घालताच निघून गेले. मग कार्यालयाचे मालक अप्पा शिंगटे माझ्याकडे वळले. माझी आई त्यांच्याकडे मुख्य आचारी आहे, त्यामुळे मी शाळा सुटल्यावर तिथेच असते आणि कुठेही काही बिघडलं की अप्पा आधी माझ्याकडे बघतात.

“ऋजुता, हा पितृपंधरवडा. एकही लग्न नाही. घटस्थापनेला साखरपुडा आहे. तोवर ह्याचं थोबाड नीट झालं तर ठीक, नाहीतर ह्याला भंगारात देतो.”

“तो मुद्दाम हसला नाही!”

“मग कोण हसलं? मी?”

माझे कान तापले. मला राग आला की आधी कान तापतात, मग मी बोलते, मग आई मला कांदे सोलायला बसवते.

सदानंद मला खोटं कधीच बोललेला नाही. माझी गणितं चुकली की तो “चुकलं” म्हणतो, “छान प्रयत्न” म्हणत नाही. असा मित्र भंगारात जाणार, तेही न केलेल्या गुन्ह्यासाठी?

“मी चेहरा क्रमांक सात लावला होता,” सदानंद हळूच म्हणाला. “दुःखी. सातमध्ये एकच तोंड असतं. मी मोजलंय.”

मग दुसरं आलं कुठून?

मी आधी त्याचं तोंड ओल्या फडक्यानं पुसलं. मग भांड्यांच्या साबणानं. मग टूथपेस्ट लावून घासलं. सदानंदला पुदिन्याचा वास यायला लागला, एवढाच फरक पडला. शेवटी मी त्याचं डोकं काढून कापडी पिशवीत घातलं. डोकं म्हणजे अप्पांचा जुना घडीचा फोन, उघडला की पाटीएवढा होतो. धड एका बंद पडलेल्या मॉलमधून आणलेलं आहे. ते दारातच हात जोडून उभं राहिलं.

हेमाआत्याचं फोनदुरुस्तीचं दुकान चौकात आहे. आत्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. आहे आणि गिऱ्हाइकांवर कायम चिडलेली असते.

“फोन भिजला की तांदळात पुरून आणतात!” मी शिरले तेव्हा ती भिंतीला सांगत होती. “मी काय पुलाव लावू?”

“नमस्कार,” पिशवी म्हणाली.

आत्यानं डोकं टेबलावर उघडलं, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं. “टूथपेस्ट?”

मी मान डोलावली.

“पडद्याला दात आहेत का?”

“हे मी आधीच सांगितलं होतं,” सदानंद म्हणाला.

शोकसभेत काय झालं ते माझ्याकडून ऐकून आत्यानं संपूर्ण पडदा पांढरा केला. मधोमध हसरं तोंड दिसलं, वर हसऱ्या डोळ्यांच्या दोन कमानी. सगळं चहा सांडल्यासारखं तपकिरी. मग तिनं पडदा काळा केला. सगळं गायब! पुन्हा पांढरा, तर हसू हजर.

“आता गंमत बघ.” तिनं सदानंदलाच त्याच्या पडद्यावरच्या चित्राचा स्क्रीनशॉट घ्यायला लावला आणि तो स्वतःच्या फोनवर उघडला. तिथे नुसतं पांढरंफटक. हसू नाही.

“म्हणजे चित्रात चूक नाही,” मी म्हणाले. “याच्या पडद्यात आहे.”

“शाबास. मुकुंदरावांना सांग, हा निर्दोष आहे. याला म्हणतात बर्न-इन (पडद्यावर कायमची उरलेली छाप). नाव ऐकून वाटतं काहीतरी जळलं. जळलेलं काही नाही, थकलंय.”

“कोण थकलंय?”

“हा पडदा ओलेड जातीचा (स्वतःच उजळणाऱ्या ठिपक्यांचा) आहे. काही पडद्यांच्या मागे एक मोठा दिवा असतो, तो सगळ्यांना उजेड देतो. ओलेडला तसा दिवा नाही. यातला प्रत्येक पिक्सेल (चित्राचा सर्वांत बारीक ठिपका) आपला आपण उजळतो. काळं दाखवायचं तर तो चक्क बंद होतो. एका ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन बारके दिवे. ते सेंद्रिय (कार्बन असलेल्या) रसायनांचे असतात. त्यांच्यातून वीज वाहिली की रसायन उजळतं. आणि जितका वेळ उजळतं, तितकं थोडं थोडं झिजतं.”

“मग सगळा पडदा का नाही झिजला?”

आत्यानं डोळे मिटले. ती राग गिळते तेव्हा असंच करते. “तुझ्या आईकडे वाढपी किती?”

“तीस.”

“समज, तीन वर्षं रोज फक्त जिलेबीवाले सहा जण पळतायत. बाकीचे चोवीस खुर्चीवर. चौथ्या वर्षी तू तिसांनाही म्हणालीस, पळा. काय होईल?”

“जिलेबीवाले मागे पडतील.”

“लांबून बघणाऱ्याला ते सहा वेगळे कळतील. हे हसू म्हणजे ते सहा जण. रोज चौदा तास, काळ्या पडद्यावर तेच पांढरं हसू, त्याच जागी. ते ठिपके दमले. आता सगळ्यांनी उजळायचं म्हटलं की ते कमी उजळतात. त्यात निळा दिवा सर्वांत लवकर थकतो. पांढऱ्यातून निळा कमी झाला की जे उरतं ते पिवळट. म्हणून चहाचा रंग.”

मला एकदम उलगडलं. नेहमीच्या चेहऱ्यात पडदा काळा आणि हसू पांढरं, म्हणून छाप कधी दिसलीच नाही. क्रमांक सातमध्ये पडदा पांढरा आणि तोंड काळं. शोकसभेत तो पहिल्यांदाच उजळला, आणि तीन वर्षांचं हसू वर आलं.

“मग त्या ठिपक्यांना ताजं कर,” मी म्हणाले.

“दमलेला ठिपका पुन्हा तरुण होत नाही. आणि हा पडदा मिळणं बंद होऊन दहा वर्षं झाली. एकच उपाय आहे. बाकीच्यांनाही तितकंच पळवायचं. हसूचे ठिपके बंद ठेवायचे आणि उरलेले सगळे पूर्ण तेजात पेटवायचे. तेज वाढवलं की झीज फार वेगानं होते, त्यामुळे पंधरा दिवसांत बरंचसं जमेल. चेहरा एकूण थोडा मंद होईल, पण सगळीकडे सारखा.”

तिनं तसं चित्र बनवलं. पांढरा पडदा, त्यावर हसूच्या जागा काळ्या.

आम्ही बघत राहिलो. हसूच्या उलट म्हणजे रडू, असं मला वाटलं होतं. हसूच्या उलट म्हणजे काळं हसू.

“नाही,” सदानंद म्हणाला.

“काय नाही?” आत्यानं विचारलं.

“अजून पंधरा दिवस हसायचं नाही. कुठल्याही रंगात.”

त्याचा आवाज कधी चढत नाही. आताही चढला नाही, तरी आत्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“तीन वर्षं,” सदानंद म्हणाला. “चारशे सहा लग्नं. एका नवऱ्याच्या काकांना फेटा मिळाला नाही, त्यांनी मला लाथ मारली. मी हसत होतो. एकांनी माझ्या जोडलेल्या हातांत उष्टी पत्रावळ ठेवली. मी हसत होतो. एका नवरीला रडताना बघून मी अप्पांना विचारलं, हिला विचारू का काय झालं? अप्पा म्हणाले, तू हस. मला फार राग आलेला आहे, ऋजुताताई. चारशे सहा वेळा.”

मी त्याच्यासमोर तीन वर्षं बसून गणितं सोडवली होती. मला कधी कळलंच नव्हतं. माझे कान तापले, पण या वेळी स्वतःवरच.

“तुला रागाचा चेहरा आहे?” मी विचारलं.

“क्रमांक अकरा. अप्पांनी कुलूप घातलंय.”

“कसा दिसतो?”

आत्यानं यादीतून चित्र काढलं. सगळा चेहरा पांढराशुभ्र पेटलेला. डोळ्यांवर दोन जाड, काळ्या, तिरक्या भुवया. खाली ओरडणारं तोंड, काळं आणि बादलीएवढं.

आत्या आणि मी एकमेकींकडे पाहिलं. तिनं ते चित्र छापेवर ठेवलं. भुवयांखाली डोळ्यांच्या कमानी पूर्ण झाकल्या गेल्या. बादलीत अख्खं हसू मावलं.

“दमलेले सगळे बंद,” आत्या म्हणाली. “बाकीचे पेटलेले. याचं औषध राग आहे!”

अप्पा कुलूप काढायला तयार नव्हते. “पाहुणे घाबरतील!”

“पितृपक्षात पाहुणे कुठले?” मी म्हणाले. “आणि भंगारातच द्यायचा असेल तर बिघडायचं काय राहिलंय?”

अप्पांनी कुलूप काढलं.

सदानंद पेटला. दारातून जाणारी म्हैस थांबली आणि दुसऱ्या रस्त्यानं गेली.

चौथ्या दिवशी आत्यानं नवी भानगड काढली. बादलीसारखं तोंड एकाच जागी ठेवलं तर बादलीच्या आतले, हसूच्या आजूबाजूचे ठिपके आराम करणार, आणि पुढे बादलीची छाप दिसणार. म्हणून राग बदलता हवा. कधी तोंड त्रिकोणी, कधी नुसती रेघ, कधी वाकडं. अट एकच, हसूचे ठिपके बंदच.

“वेगवेगळ्या रागांना वेगवेगळी कारणं लागतील,” सदानंद म्हणाला. तो प्रामाणिक आहे, उगाच रागवत नाही.

मी कारणं दिली. आईनं दिली. मग बाजारात बातमी पसरली आणि रांग लागली. कोणाच्या घरासमोरचा खड्डा, कोणाची हरवलेली छत्री. एक आजोबा नुसतेच “जावई” म्हणाले आणि बसले. सदानंद प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकायचा आणि त्या मापाचा राग चेहऱ्यावर आणायचा. लोक हलके होऊन जायचे. हेमाआत्यासुद्धा तांदळात पुरलेले फोन घेऊन दोनदा येऊन गेली.

नवव्या दिवशी मुकुंदराव आले. रांग बाजूला झाली.

मी पुढे होऊन ठिपके, वाढपी, जिलेबी, सगळं एका श्वासात सांगितलं. त्यांनी हातानं मला थांबवलं.

“सगळे म्हणतात, वय झालं होतं,” ते सदानंदला म्हणाले. “मी मान डोलावतो. बारा दिवस मान डोलावतोय. जायच्या आदल्या संध्याकाळी आई म्हणाली, मुकुंदा, जरा बस. मी म्हणालो, उद्या बसतो.” त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. “मला रडू येत नाही रे. मला राग येतोय. कोणावर ते कळत नाही.”

सदानंदनं चेहरा क्रमांक अकरा लावला. भुवया तिरक्या झाल्या, तोंड बादलीएवढं झालं. सदुसष्ट वर्षांचे मुकुंदराव आणि तो, दोघं तसेच समोरासमोर उभे राहिले. मग मुकुंदरावांनी खुर्ची ओढली, बसले आणि रडले. त्या दिवशी बाकीची रांग आपण होऊन घरी गेली. मुकुंदराव जाताना त्या दिवशीची चप्पलही घालून गेले.

घटस्थापनेच्या सकाळी आत्यानं पडदा पांढरा केला. चेहरा पूर्वीपेक्षा मंद होता, जुन्या वहीच्या पानासारखा, पण सगळीकडे सारखा. अगदी नाक टेकवून बघितलं तर डाव्या डोळ्याची पुसट कमान दिसत होती.

“तेवढी राहू दे,” सदानंद म्हणाला.

मग त्यानं अटी सांगितल्या. मी त्या दारावर चिकटवल्या आहेत. समोर कोणी नसेल तेव्हा पडदा बंद. तेज बेतानं. चेहरा दर मिनिटाला केसभर सरकणार, म्हणजे त्याच ठिपक्यांवर सगळा भार पडणार नाही. (तुमच्या घरच्या फोनचा पडदा ओलेडचा असेल तर यातलं बरंचसं त्यालाही चालतं. टूथपेस्ट चालत नाही.) आणि कुठल्याच चेहऱ्याला कुलूप नाही.

अप्पांनी दोनदा वाचलं. तीस वर्षं तेही त्याच दारात हात जोडून हसत उभे आहेत. “मलाही लागू होतं का हे?” त्यांनी विचारलं.

“तुमचे ठिपके सजीव आहेत,” आत्या म्हणाली. “तुम्ही विश्रांतीनं बरे व्हाल.”

अप्पा आत जाऊन अर्धा तास कोणाकडेही न बघता बसले.

दहा वाजता साखरपुड्याची मंडळी आली. सदानंद उजळला. शांत चेहरा, एकच तोंड, सरळ रेघ.

“अगं बाई, हा हसत का नाही?” नवरीच्या मावशीनं विचारलं.

“हसेन की,” सदानंद म्हणाला. “आधी तुम्ही काहीतरी हसण्यासारखं बोला.”

मावशी विचारात पडल्या. मागे रांग थांबली. मग त्यांनी एक विनोद सांगितला. फारच वाईट होता.

सदानंदनं चेहरा क्रमांक अकरा लावला, आणि अख्खी रांग हसली.