डांबरातलं रिंगण

दिवा असू दे बारीक. आणि मधे कोणी हसायचं नाही, सांगून ठेवतो. माझ्या सख्ख्या मेव्हण्याची गोष्ट आहे, बायकोच्या धाकट्या भावाची.

हा उत्खननाचा प्रमुख. राग कायम नाकावर. जुन्या व्यापारी वाटेवर त्याला मातीखाली बौद्ध स्तूप सापडला, विटांचा, गोल. त्याच वाटेचा आता हमरस्ता होणार होता. सोमवारी सकाळी रोलर फिरवा, असा वरून हुकूम आला. त्याने दहा कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, पण कोणी दाद दिली नाही.

निदान सकाळी रोलरच्या आधी शेवटचा फोटो तरी घ्यावा म्हणून रविवारी संध्याकाळी, डिसेंबरातल्या दुसऱ्या रविवारी, तो एकटाच खड्डा झाडायला गेला. फोटोआधी उत्खननवाल्यांची ती रीतच असते. अनवाणी उतरायचं, उलटं चालत झाडत यायचं, पाऊल राहू द्यायचं नाही. याच्या डाव्या पायाला करंगळी नव्हती. कुदळीने गेली होती.

झाडून झाल्यावर तो राखणीला काठावर बसला. रात्री दीडपर्यंत चरफडत होता. "दोन हजार वर्षं टिकलं हे, आणि या गाढवांना रस्त्याला एक वळण देता येत नाही!"

तेवढ्यात खाली... थप. थप.

"कोण रे ते? तंगडी मोडून हातात देईन!" त्याला वाटलं, ठेकेदाराची माणसं. टॉर्च मारला.

कोणी नाही.

झाडलेल्या मातीत एक पाऊल. अनवाणी. मग पुढचं... त्याच्या डोळ्यांदेखत. स्तूप उजव्या हाताला ठेवून. सावकाश. फेरी पुरी झाली. दुसरी सुरू.

"पळाला का, काका?"

छे! रागाने रडला तो. ओरडला, "अहो, उद्या इथे काही उरणार नाही! नुसते फिरता काय? थांबवा ना त्यांना!"

पावलं थांबली.

...

मग पुन्हा चालू लागली.

सकाळी त्याने रस्त्याच्या इंजिनिअरला ठसे दाखवले. तो हसला, "तुमचेच मजूर तुडवून गेले असतील." रोलर फिरला. मेव्हण्याने संतापात खाणंपिणं सोडल्यासारखंच केलं, उन्हाळ्यात गेला. माझी बायको त्या इंजिनिअरला अजून शिव्या घालते. मीही घालतो, का घालू नये?

रस्ता झाला. बरोबर त्या जागी डांबरात अनवाणी पावलांचं रिंगण उमटलं. रस्तेवाल्यांनी वर पुन्हा डांबर ओतलं. पुन्हा उमटलं.

परवा मी मुद्दाम गेलो. वाकून पाहिलं.

आता पावलं दोघांची आहेत. मागच्याच्या डाव्या पायाला... करंगळी नाही.