सतरा नंबरचा बिल्ला

"माझा बिल्ला कुठाय?"

स्टुलावर चढलेला तो माणूस एवढा दचकला, की हातातला रंगाचा ब्रश थेट तिच्या चपलेवर पडला. हिरवा रंग! आधीच तळपायाची आग मस्तकात गेलेली, त्यात हे.

हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या त्या लॉन्ड्रीत तिला सगळे 'शिट्टी' म्हणत. ती चिडली की तीन खोल्यांपलीकडे ऐकू यायचं. आणि हा नवा शिफ्ट इन्चार्ज. येऊन चारच दिवस झालेले.

"कुठला बिल्ला?" तो खाली उतरला.

"सतरा नंबर! बारा तारखेच्या खिळ्यावर लावून दोन महिने झाले!"

रजेची पद्धत साधी होती. भिंतीवरच्या पाटीवर येत्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक तारखेला एक खिळा. रजा हवी त्यानं आपल्या नंबरचा पत्र्याचा बिल्ला त्यावर अडकवायचा. ज्याचा आधी, त्याचा भिंतीलगत. एका दिवशी दोघांनाच सुट्टी.

"बाराला तीन बिल्ले होते. वरचा, तिसरा काढला," तो म्हणाला. "त्या दिवशी दोन हजार चादरी जायच्यात. मी तरी काय करू?"

"तिसरा? अहो, माझा पहिला होता!"

त्यानं पाटीकडे पाहिलं. मग ओल्या, हिरव्यागार खिळ्यांकडे... आणि त्याचा चेहरा उतरला.

"खिळे गंजले होते, म्हणून परवा रंगाचा पहिला हात दिला... बिल्ले जसजसे काढले, तसतसे परत लावले..."

"म्हणजे उलटे लावले! कुणी सांगितले होते हे नसते उपद्व्याप? माझ्या बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. चार महिने थांबून तारीख मिळालीय, आणि त्यांच्याबरोबर जायला माझ्याशिवाय कुणी नाही. तुमच्या चादरी एक दिवस चुरगळलेल्या राहिल्या, तर कुणी आंधळं होणार नाही!"

त्यानं खाली पडलेला ब्रश उचलून डब्यात ठेवला.

"त्या दोघांना मी हो म्हणून बसलोय, एक तर गावालाही गेला. तरी तुम्ही जा. तुमचा इस्त्रीचा रोलर... मी चालवतो."

"तुम्ही? रुमालाची तरी घडी येते का?"

"शिकवा की."

मग रोज जेवणाच्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. गरम रोलर, वाफेनं ओला झालेला तिचा चेहरा, कपाळाला चिकटलेले केस. त्याचं लक्ष चादरीवर कमी आणि...

"कोपरा धरा! धरा म्हटलं, गोंजारू नका!"

"तुम्ही ओरडलात की जास्त चुकतं."

"आणि न ओरडता?"

"तेव्हाही चुकतं. पण मग मजा येत नाही."

हसू आलं, म्हणून ती आणखी चिडली. चौथ्या दिवशी त्याची बोटं भाजली. "काही नाही झालं," तो म्हणाला. तिनं मनगट धरून त्याला ओढत नळाखाली नेलं... आणि बोटं गार झाली तरी हात सोडायचं राहूनच गेलं. त्या दिवशी घरी जाताना ती स्वतःवरच धुसफुसत होती.

बारा तारीख पार पडली. तेराला लॉन्ड्रीची साप्ताहिक सुट्टी; चौदाला ती परतली, तर त्याच्या तीन बोटांना पट्ट्या.

"चादरी?"

"वेळेत गेल्या. वीस जाळल्या. मालकांनी सगळ्यांसमोर झापलं."

"बरं झालं."

"बाबा कसे आहेत?"

सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, आणि त्याचाही तिला भयंकर राग आला.

"पट्टी काढल्यावर आधी मलाच बघितलं. म्हणाले, किती गं वाळलीस." तिनं नाक पुसलं. "तुम्ही कधी रजा घेता की नाही?"

"घेऊन करू काय? घरी मी एकटाच..."

"वा रे वा! म्हणजे जन्मभर चादरी जाळणार?"

पाटीच्या कोपऱ्यात त्याचा कोरा करकरीत बिल्ला लटकत होता. तिनं तो हिसकावला, पंचवीस तारखेच्या खिळ्यावर लावला. त्याच्यावर खाडकन आपला सतरा नंबर.

"बाबांना आता स्वच्छ दिसतं. तुम्हाला बघायचं म्हणतात."

"आणि... तुम्हाला?"

"मला आधीच दिसलंय!" ती कानापर्यंत लाल झाली होती. "दोघं झाले. आता या खिळ्यावर तिसरा लागणार नाही."

ती दारापर्यंत गेली, आणि गर्रकन वळली.

"आणि पंचवीसच्या आत त्या खिळ्याला रंगाचा ब्रश लावलात ना — तर याद राखा!"